गच्चीवरचे पाणी

आमच्याकडे थंडी आधी नदीला लागते, मग मळ्यांना, आणि सगळ्यांत शेवटी गावाला. आमचे घर मळ्यात होते. निरगुडसरच्या शिवारात, एका अंगणात दोन घरे. एकात थोरले काका आणि काकू, दुसऱ्यात आई, मी आणि माझी धाकटी बहीण. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले होते. शेती आई बघत असे आणि तिला अडेल तिथे थोरले काका बघत.

नव्वदच्या दशकात दोन्ही घरांचे पाणी अंगणातल्या एकाच तांब्याच्या बंबात तापत असे. जळणाला उसाचे पाचट, तुरकाट्या, गोवऱ्या. पहिले पाणी थोरल्या काकांचे. दुसरे मुक्कामी असलेल्या पाहुण्याचे किंवा कामावर आलेल्या गड्याचे. त्यानंतर बंबात पुन्हा गार पाणी ओतले जाई, जळण मात्र क्वचितच पुन्हा घातले जाई. बायकांचा नंबर येईपर्यंत पाण्याचा नुसता गारठा मोडलेला असे. हा नियम कुणी केला नव्हता आणि म्हणून तो कुणाला मोडताही येत नव्हता. आईने तो बरीच वर्षे पाहिला. तिच्या सांध्यांना थंडीत सूज येई. पौष महिन्यात सकाळी ती बोटे मिटू शकत नसे, आणि त्याच बोटांनी धार काढायची असे.

दोन हजार सालानंतर, मी पुण्यात एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर नोकरीला लागल्यावर, आईने आमच्या स्लॅबच्या घराच्या गच्चीवर सूर्यबंब बसवून घेतला. लोक त्याला सोलर म्हणत. विजेचा गिझर घेण्यात अर्थ नव्हता, कारण सकाळी वीज नसे. आमच्या वाडीत सोलर तोवर कुणाकडे नव्हता. मंचरहून आलेल्या फिटरने काचेखालचे काळे पॅनेल, त्यातल्या बारीक तांब्याच्या नळ्या आणि वरची गोल टाकी आईला नीट समजावून सांगितली. जाताना त्याने एक गोष्ट दोनदा सांगितली. गवतावरचे दव गोठण्याइतकी थंडी पडली तर पॅनेल उघडे ठेवायचे नाही. रात्री उघड्या आकाशाखाली ते हवेपेक्षाही गार होते, नळीतले पाणी गोठून फुगते आणि नळी फाटते. घरात माणूस असेल तर संध्याकाळी वर गोणपाट टाकावे. नसेल तर पाणी काढून टाकावे.

आईने गोणपाटावर भागवले नाही. जुन्या लुगड्यांची एक जाड गोधडी तिने पॅनेलच्या मापाने शिवली. थंडीच्या दिवसांत ती रोज सूर्य मावळायच्या आधी लोखंडी शिडीने गच्चीवर जाई, काचेवर गोधडी पसरून कडेला विटा ठेवी आणि सकाळी काढून घेई.

वाडीला हे वर्षभर पुरले. पारावर थोरल्या काकांना विचारले जाई, राव, तुमच्या सोलरला रात्री खोकला येतो का. काका स्वतः त्यात भर घालत. धाकटीने, म्हणजे माझ्या आईने, यंत्राला गोधडी घेतली, आता दुलई घेईल, मग अंगाई म्हणेल, असे ते सांगत. पाणी तापवायला जाळ लागतो, हे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी तपासून पाहिले नव्हते. बसवल्यापासून त्यांनी त्या पाण्यात बोटही घातले नव्हते. त्यांच्या घराचे पाणी अजून बंबावर तापत होते आणि काकूही मुकाट त्याच पाण्याने न्हात होती. हे एक-दोन हिवाळ्यांचे खूळ आहे, यंत्र मोडले की धाकटी पुन्हा बंबाला पाचट लावायला येईल, असे काका म्हणत. आई ऐकत असे. ती थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नसे. लग्न होऊन आल्यापासूनची ती रीत होती. काही सांगायचे असेल तर काकूला सांगे, काकू घरात नसेल तर गोठ्यातल्या म्हशीला मोठ्याने सांगे आणि काका ते ऐकत.

मग लग्न होऊन पुण्यात गेलेल्या बहिणीला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी करायचे हे ठरलेलेच होते. अंगणात बायका जमल्या असताना आईने जाहीर केले की बाळाची या घरातली पहिली अंघोळ गच्चीवरच्या पाण्याने होईल, आणि बाळंतिणीची रोजची अंघोळही. काका ओट्यावर बिडी ओढत बसले होते. ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "तवर टिकलं म्हंजे मिळवलं."

त्या एका वाक्याने गोष्ट पक्की झाली. आता सोलर टिकला नाही तर फक्त यंत्र मोडणार नव्हते. आईने अंगणात, चारचौघींत दिलेला शब्द मोडणार होता आणि बंब पुन्हा दोन्ही घरांचा होणार होता.

सातव्या महिन्यात बहिणीचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितले. बाळंतपण पुण्यातच, तिच्या घराजवळच्या दवाखान्यात करायचे ठरले. आई तिच्याकडे जाणार आणि सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतिणीला घेऊन मळ्यात परतणार, असे नक्की झाले. म्हणजे मार्गशीर्षातून पौषात, ऐन थंडीत, घर बंद राहणार होते. असे आधी कधी झाले नव्हते.

घर बंद करायला मी दोन दिवसांची रजा काढून गेले. आईने गाय आणि म्हैस काकूच्या गोठ्यात बांधली. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. गाद्या गुंडाळून आढ्याला दोरीने टांगल्या, कारण थंडीत उंदीर ऊब शोधत येतात. नदीकडच्या खिडक्यांच्या फटींत चिंध्या ठासल्या. खोबरेल तेलाची बाटली गोठून दगड झाली होती, ती रिकाम्या डब्यात ठेवली. तुळशीला पोत्याची झूल घातली. देवापाशी रोज दिवा लावायचे काम काकूने घेतले. गॅसची टाकी बंद केली.

शेवटी आईने पाणी भरले. आमच्याकडे घर सोडताना भांडे रिकामे ठेवत नाहीत. परगावी जाताना हंडा भरलेला, घागर भरलेली, रांजण काठोकाठ, त्यावर झाकण. रिकाम्या भांड्यांच्या घरातून निघाले तर परतायला कारण उरत नाही, असे जुन्या बायका सांगत. पोटुशी लेक असताना तर ही गोष्ट कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. आईने सगळे हंडे, कळशा, पातेली भरली. तांबे आणि पेलेसुद्धा सोडले नाहीत. मग ती गच्चीवर गेली, सिमेंटची टाकी भरली का पाहिले, सोलरची टाकी आणि पॅनेल भरलेले आहे याची खात्री केली आणि वर गोधडी पसरून विटा ठेवल्या. मी फिटरच्या बोलण्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, तेही भांडेच आहे, रिकामे कसे ठेवायचे? आणि गोधडी आहेच की.

मला ते पटले. आम्ही जीपमध्ये बसलो.

गोधडी चार दिवस टिकली. ती माकडांनी नेली. आहुप्याकडच्या डोंगरात थंडी वाढली की वानरांच्या टोळ्या नदीच्या कडेकडेने खाली मळ्यांत येतात. काकूने फोनवर आईला सांगितले की गोधडी बाभळीवर लोंबते आहे आणि तिच्यावर एक माकडीण पिलाला घेऊन बसते. काकूला गुडघ्यांमुळे शिडी चढता येत नव्हती. दुसरी गोधडी कुणी टाकायची, हा प्रश्न काकूने काकांपुढे ठेवला. काकांनी उत्तर दिले की यंत्राला पांघरूण घालायला मी काय त्याची आई आहे का. हेही काकूने हसत हसत फोनवर सांगितले. आई हसली नाही. पण तेव्हा थंडी बेताची होती.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी जुन्नरच्या वार्ताहराची बातमी डेस्कवर आली. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गवतावरचे दव गोठले होते. लेण्याद्रीच्या खालच्या मळ्यांत द्राक्षबागायतदारांनी पहाटे बागांच्या बांधावर शेकोट्या पेटवून धूर केला होता आणि विहिरीचे कोमट पाणी ठिबकने सोडले होते. पारा अजून उतरणार, असा वेधशाळेचा अंदाज शेवटच्या परिच्छेदात होता. मी तो परिच्छेद उचलून वर घेतला, मथळा दिला आणि पान छपाईला सोडले. मग लक्षात आले की ही बातमी आमच्या गच्चीचीही आहे.

सकाळी मी बहिणीच्या घरी जाऊन आईला सांगितले. बहीण आतल्या खोलीत झोपली होती, तिला आता कुठल्याही दिवशी कळा येतील असे डॉक्टर म्हणाले होते. आईने फक्त एवढेच विचारले की गवतावर गोठले की पानावर. मी म्हटले, दोन्हीवर. ती उठून फोनपाशी गेली. काकूला सांगायचे, काकू काकांना सांगेल, असा तिचा हिशेब असावा. पण काकू कांद्याच्या खुरपणीला गेली होती. फोन थोरल्या काकांनी उचलला.

मी हात पुढे केला. आईने रिसीव्हर दिला नाही. तिने पुण्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पदर डोक्यावर ओढला आणि लग्नानंतर पहिल्यांदा थोरल्या दिरांशी बोलली.

"भाऊजी, मी बोलते."

 मी शेजारी उभी होते, आवाज बाहेर येत होता.

"बोला," काका म्हणाले.

"गच्चीवरचं पाणी काढायचंय. आजच. दिवस मावळायच्या आत."

"लेक अवघडलेली हाय, आन् तुमी घरातलं पाणी सांडायला सांगताय? मी न्हाई असलं करायचो."

या ठिकाणी आई काय म्हणेल याचा मला अंदाज नव्हता. पाणी भरून निघायचे हा तिचाच निर्णय होता आणि काका तिचीच रीत तिला सांगत होते. तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"सांडायचं न्हाई," ती म्हणाली. "हलवायचं. वरचं खाली घ्यायचं. थेंब बी मातीत जायला नको. मग घर रिकामं कसं व्हईल?"

काकांनी यावर विचार केला. मग त्यांनी अट घातली. घरातले माणूस पाठवा. दुसऱ्याच्या घरातले पाणी मी एकटा काढणार नाही, उद्या काही झाले तर बोल माझ्यावर येईल. आई म्हणाली, लेक येते आहे. फोन ठेवल्यावर तिने पदर खाली घेतला आणि मला पिशवीत भाकरी बांधून दिली.

मी मंचरची एसटी पकडली, तिथून जीपने मळ्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. ऊन चांगले होते. वाऱ्याला मात्र धार होती. थोरले काका पाना, दोरी आणि विहिरीवरचा नळीचा तुकडा घेऊन आमच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाहून एवढेच विचारले की पोरगी बरी आहे ना.

कुलूप उघडल्यावर खरी अडचण समोर आली. पाणी खाली घ्यायचे म्हटले तर कशात? घरातले प्रत्येक भांडे काठोकाठ भरलेले होते. काकू शेतातून आली होती, ती दारात उभी राहून स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "तुझ्या आईनं चमचा तेवढा ठिवलाय रिकामा." ते पाणीही ओतून देता येत नव्हते, तसे केले तर काकांचा आक्षेप खरा ठरला असता. काकूच्या घरची भांडी आणली. ती पुरेशी नव्हती. बंबातही सकाळचे पाणी होते.

मग काकूने वाडीत हाक घातली. शेजारच्या चार घरांतून बायका हंडे, घागरी, बादल्या घेऊन आल्या. एकीने दुधाचे कॅन आणले. सोलरचे पाणी उतरवायचे आहे हे ऐकून दोघी-तिघी नुसत्या बघायलाही आल्या. पारावरचे दोन म्हातारे काठ्या टेकत आले आणि ओट्यावर बसले. त्यांनी काकांना विचारले, पावणं आजारी पडलं का. म्हणजे सोलर.

काका आणि मी गच्चीवर गेलो. फिटरने सांगितल्याप्रमाणे मी आधी सिमेंटच्या टाकीकडून येणारा कॉक बंद केला. नाहीतर टाकीचे पाणी येतच राहिले असते. पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यातला नट क्षाराने पांढरा झाला होता. काकांनी त्याला पाना लावला, अंग टाकले, नट हलला नाही. त्यांनी पान्यावर लोखंडी पाइपचा तुकडा चढवला आणि पुन्हा जोर केला. नट सुटला. पाणी आधी त्यांच्या हातावर आणि मग धोतरावर आले.

काका ओरडले नाहीत. त्यांनी हात झटकला आणि दोन पावले मागे सरकले. लाल झालेली बोटे त्यांनी पाहिली. मग पॅनेलच्या खाली वाकून पाहिले, मागे जाऊन पाहिले, टाकीखाली पाहिले. दुपारच्या उन्हात, बंद घराच्या गच्चीवर, त्या पाण्यातून वाफ निघत होती.

"जाळ कुणी घातलाय?" त्यांनी मला विचारले.

मी म्हटले, कुणी नाही. त्यांनी काचेवर तळहात ठेवायला हात पुढे केला आणि न ठेवताच मागे घेतला.

नट पूर्ण काढून मी त्या तोंडाला नळी घट्ट बसवली. काकांनी तिचे दुसरे टोक खाली अंगणात सोडले. खालून आधी काकूचा आवाज आला, मग सगळ्यांचा एकदम. पहिला हंडा भरायला लागला तेव्हा बायकांनी त्यात बोटे घालून पाहिली आणि झटक्याने काढली. त्यानंतर रांग आपोआप लागली. एक हंडा भरला की नळी दुसऱ्यात. पाणी थांबवता येत नव्हते, म्हणून भांडी वेळेवर सरकवावी लागत होती आणि ते काम काकूने हातात घेतले. तिने कुणाला पुढे घ्यायचे, कुणाला मागे, हे ठरवले. एक म्हातारा लोटा घेऊन पुढे आला तेव्हा तिने त्याला सांगितले, "आबा, आज बायकांचा नंबर पहिला. तुमी बसा उन्हाला."

आता प्रश्न या पाण्याचे काय करायचे हा होता. भांडी शेजाऱ्यांची होती. आणि आमच्याकडे मागून आणलेले भांडे रिकामे परत देत नाहीत. भाजीचे पातेले परत करतानाही त्यात चिमूटभर साखर किंवा चार शेंगा घालतात. काकूने अंगणात उभे राहून हे मोठ्याने सांगितले. भांडी भरलीच परत जातील. ज्याचे त्याने घरी न्यावे. घरातले पाणी कुणी सांडले नाही, शेजारी दिले, त्यात वावगे काय? यावर कुणाचेच दुमत नव्हते. थोरले काका गच्चीच्या कठड्यावरून हे ऐकत होते. त्यांनीही मान हलवली.

त्या दुपारी आमच्या वाडीतल्या बायकांनी आडवारी, न्हाण्याचा वार नसताना, डोक्यावरून अंघोळी केल्या. अंगणाच्या दोन्ही बाजूंनी न्हाणीतून वाफ आणि शिकेकाईचा वास येत होता. समोरच्या घरातली म्हातारी, जिची कंबर थंडीत धरे, ती केस मोकळे सोडून आमच्या ओट्यावर उन्हाला येऊन बसली आणि म्हणाली की लग्नात हळदीच्या अंघोळीनंतर एवढे कडक पाणी अंगावर पहिल्यांदाच घेतले. काकूने स्वतःसाठी दुधाचा अख्खा कॅन ठेवला होता. ती न्हाऊन आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती नवऱ्यासमोर उभी राहून ओले केस झटकू लागली. 

शेवटची बादली थोरल्या काकांची होती. त्यांनी ती नाकारली नाही. न्हाणीचे दार लावून ते बराच वेळ आत होते. बाहेर आल्यावर ओट्यावरच्या एकाने विचारले, कसे आहे. काका म्हणाले, "लई तापतंय की." एवढ्यावर ते थांबले असते, पण विचारणारा हसला. तेव्हा त्यांनी जोड दिली, "हसू नगं. घरी जाऊन गार पाण्यानं आंघोळ कर."

ऊन उतरायच्या आत आम्ही बाकीचे काम संपवले. रिकामे पॅनेल उन्हात फार तापू नये आणि काचेवर काही पडू नये म्हणून त्यावर पाचटाचा थर दिला आणि वरून ताडपत्री दोरीने आवळली. दोरीच्या गाठी काकांनी मारल्या. माकडाला सुटणार नाहीत, असे ते म्हणाले. नटाच्या तोंडाला फडके बांधले, आत मुंग्या जाऊ नयेत म्हणून. न्हाणीकडे येणारी बारीक पाइपलाइनही उघडी करून निथळू दिली. सिमेंटची टाकी भरलेलीच ठेवली, तेवढे पाणी आमच्याकडच्या थंडीत गोठत नाही. कुलूप लावण्याआधी काका एकटेच घरात गेले आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक हंड्यावरचे झाकण उचलून पाहून आले. मग त्यांनी स्वतः पुण्याला फोन लावला. बहिणीच्या नवऱ्याने उचलला. त्याला ते म्हणाले, सांगा त्यांना, घर भरलेले आहे.

दव दुसऱ्या दिवशी पहाटे गोठले. मी काकूकडे मुक्कामी होते. नदीकडच्या बांधावरचे गवत पांढरे पडले होते, पायाखाली ते मोडत होते. आमच्या खालच्या मळ्यातल्या टोमॅटोची शेंड्याची पाने काळवंडली. गुरांच्या दगडी डोणीत पाण्यावर पापुद्रा होता, तो म्हशीने नाकाने फोडला. ही थंडी आठवडाभर राहिली. फिटर पुढे भेटला तेव्हा त्याने सांगितले की त्या आठवड्यात त्याच्याकडे तीन गावांतून फुटलेल्या नळ्यांची कामे आली. आमचे आले नाही, म्हणून त्याला वाटले की आम्ही यंत्र विकले.

बहिणीला त्याच आठवड्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

सव्वा महिन्याने, माघात, आई त्यांना घेऊन परतली. मीही बरोबर होते. काकूने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या पायांवर पाणी घातले. बाळ आत गेले. आईने चहा घेतला नाही. तिने साडीचा काष्टा मारला आणि शिडी चढली.

ताडपत्री सोडताना तिला काकांच्या गाठी सुटल्या नाहीत. काकांना वर यावे लागले. पाचट बाजूला सारून काच पुसली. काकांनी नट बसवला, आईने कॉक उघडला. खाली अंगणात पंधरा-वीस माणसे माना वर करून उभी होती. काही महिन्यांपूर्वी हीच माणसे सोलरच्या खोकल्याची चौकशी करत होती. पाणी नळ्यांत चढताना आतून गुडगुड आवाज आला. आईने हातात कोरडे फडके घेतले आणि एकेका सांध्याला लावून पाहिले. खालचा सांधा, वरचा सांधा, टाकीचा, मग काचेच्या कडेने सगळीकडे. फडके कोरडे राहिले. ते तिने दोन्ही हातांनी ताणून कठड्यावरून खाली धरून दाखवले. खालून एका बाईने टाळी वाजवली आणि मग लाजून थांबली.

अंघोळ दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली. न्हाणीत पाट मांडला. काकू पाय पसरून बसली, तिच्या पायांवर बाळाला तेल लावून आडवे घेतले. वाडीतल्या बायका दारात दाटीने उभ्या होत्या. बहीण खाटेवरून मान उंच करून बघत होती. थोरले काका पुरुषांच्या रीतीप्रमाणे आत आले नाहीत, अंगणात उभे राहिले, पण आतले सगळे ऐकू येईल इतके जवळ. आईने नळ सोडला. घंगाळात पाणी पडले, वाफ वर आली. आईने कोपर बुडवले आणि लगेच बाहेर काढले. पाणी बाळासाठी फार कडक होते. तिने आजूबाजूला पाहिले. गरम पाणी मिळेल की नाही याचीच चिंता सगळ्यांनी केली होती. गार पाणी कुणी आत आणून ठेवले नव्हते.

"भाऊजी," आई दाराकडे तोंड करून म्हणाली, "विसण आणा. पाणी लई कडक हाय."

काका रांजणाकडे गेले. कळशी भरून त्यांनी ती न्हाणीच्या उंबऱ्याशी ठेवली आणि तिथूनच विचारले, "एक पुरंल का अजून आणू?"

"अजून आणा," आई म्हणाली.